एकसष्ट आकृत्या आणि एकाच सॉफ्टवेअरचा हट्ट

एका यंत्राच्या नियंत्रण पेटीचं मार्गदर्शक पुस्तक नव्या आवृत्तीसाठी माझ्याकडे आलं. मजकुराचं काम दोन आठवड्यांचं होतं. घोडं अडलं ते आकृत्यांपाशी. एकूण 61 आकृत्या, जवळजवळ सगळ्या एका बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या. त्याची वार्षिक वर्गणी कधीच संपलेली, आणि ज्यानं त्या काढल्या तो नोकरी सोडून गेलेला. मूळ फायली जपून ठेवल्या होत्या, पण त्या उघडायच्या कशात? लिब्रेऑफिस ड्रॉ 2012 च्या 3.5 आवृत्तीपासून व्हिजिओच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आकृत्यांच्या सॉफ्टवेअरच्या, फायली उघडतं, म्हणून तेही करून पाहिलं. आमच्या फायली त्या जातीच्या नव्हत्या. हाती उरल्या त्या जुन्या पुस्तकात चिकटवलेल्या पीएनजी प्रतिमा. त्यातल्या एका चौकटीतले "15 सेकंद" बदलून "20 सेकंद" करायचे, तर ठिपके पुसून वर नवे ठिपके डकवावे लागणार.

वरून आलेल्या अटी दोन होत्या: पुन्हा वर्गणीच्या फेऱ्यात अडकायचं नाही, आणि सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असावं, म्हणजे त्याचा आतला कोड कुणालाही पाहता-बदलता यावा. तिसरी अट मी स्वतःच घातली, एकच सॉफ्टवेअर निवडायचं. शिकायला एक, शिकवायला एक, फायलींचा प्रकार एक. वरकरणी शहाणपणाची वाटणारी ही अट पुढचे तीन आठवडे मला नडली.

इंकस्केपपासून सुरुवात

मुक्त स्रोतातलं व्हेक्टर चित्रांचं (ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकार म्हणून साठवलेल्या चित्रांचं) सॉफ्टवेअर म्हटलं की पहिलं नाव इंकस्केपचं निघतं, आणि ते बरोबरच आहे. 2003 मध्ये सोडीपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून ते वेगळं झालं आणि 1.0 ला पोचायला त्याला 2020 साल उजाडलं. सतरा वर्षं शून्याच्या घरात काढलेलं सॉफ्टवेअर कच्चं असेल असं कुणाला वाटेल, पण 0.4x च्या काळातही लोक त्यावर पोट भरत होते. त्याची स्वतःची फाइल एसव्हीजी, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेनं 2001 मध्ये पहिल्यांदा ठरवून दिलेलं खुलं मानक. फाइल साध्या मजकूर संपादकात उघडली तरी आत काय आहे ते वाचता येतं. बंदिस्त फायलींनी पोळलेल्या माणसाला याचं अप्रूप जरा जास्तच वाटतं.

पहिली आकृती घेतली ती पेटीच्या दर्शनी भागाची. 24 सारखी बटणं, प्रत्येकाला कडा, सावली, मधे एक छोटा दिवा. एक बटण नीट काढलं, त्याचा गट केला आणि ऑल्ट-डी दाबून क्लोन काढत गेले. क्लोन म्हणजे नक्कल नव्हे, तो मूळ वस्तूकडे बोट दाखवतो. फाइलच्या आत प्रत्येक क्लोनसाठी फक्त "अमुक वस्तू तमुक जागी वापर" एवढीच नोंद असते. दोन दिवसांनी यंत्र विभागातून निरोप आला की दिव्याचा रंग आता हिरव्याऐवजी पिवळा असेल. मूळ बटणातला एक गोल पिवळा केला आणि चोवीसही दिवे पिवळे झाले. मनात म्हटलं, झालं आपलं काम.

मग दोष शोधण्याच्या प्रवाह आकृत्या हाती घेतल्या. अशा आकृत्या 34 होत्या. "दिवा लागत नाही", तिथून "फ्यूज तपासा", तिथून "हो" आणि "नाही" अशा दोन वाटा. पहिली आकृती अर्ध्या तासात सुंदर निघाली. परीक्षणाला गेली आणि परत आली: "फ्यूजच्या आधी वीजपुरवठा तपासण्याची एक पायरी घाला." एक चौकट घालायची म्हणजे खालच्या अकरा चौकटी खाली सरकवायच्या. त्या सरकवल्या आणि रेघा जिथल्या तिथे राहिल्या. बाणाची टोकं हवेत. इंकस्केपमध्ये जोडरेघेचं साधन आहे, ते वस्तूंना चिकटतंही, पण ते त्याच्या हातचं मुख्य काम नाही, हे दहाव्या रेघेला कळून चुकतं. रेघ वस्तूच्या मध्याकडे रोखलेली, "हो" हा शब्द रेघेबरोबर न सरकणारा, वळणं मनासारखी न येणारी. ती एक दुरुस्ती करायला चाळीस मिनिटं गेली. 34 आकृत्या आणि प्रत्येकीच्या किमान दोन दुरुस्त्या हा हिशोब मी कागदावर मांडला आणि कागद उलटा ठेवला.

रेघ आणि नातं

खरी उकल इथेच झाली. दोष इंकस्केपचा नव्हता. मी दोन वेगळ्या कामांना एकच नाव दिलं होतं. बटणाची कड ही रेघ असते. तिची जाडी, वळण, रंग म्हणजेच ती. प्रवाह आकृतीतली रेघ मात्र नातं असते: ही पायरी झाली की ती पायरी. ती कुठून गेली, किती वाकली याला फारसं महत्त्व नाही. कुणाला कुणाशी बांधलंय हे मात्र सॉफ्टवेअरला ठाऊक असलंच पाहिजे. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्याकडून प्रवाह आकृती काढून घेता येते, बदलून घेता येत नाही. आणि मार्गदर्शक पुस्तकातली आकृती एकदा काढतात आणि दहादा बदलतात.

मग मी कसोटीच बदलली. "काय काय काढता येतं" ही यादी तपासणं सोडलं. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आमची सगळ्यात गुंतागुंतीची, 19 चौकटींची एक आकृती काढायची, मधे एक चौकट घुसवायची, एक काढून टाकायची, एकीचं नाव दुप्पट लांब करायचं, आणि मग ती फाइल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहायची. एवढ्यानं एका दुपारीत जे कळतं ते वैशिष्ट्यांची यादी वाचून कळत नाही.

डायाबद्दल मला माया आहे, शिकताना पहिली प्रवाह आकृती त्यात काढली होती. ते अजूनही हलकं आणि चटपटीत आहे, चौकट सरकवली की रेघ मुकाट मागोमाग येते. पण 0.97 ची मालिका 2009 मध्ये आली आणि त्यानंतर प्रकल्पाची चाल फार संथ राहिली. नव्यानं बसवलेल्या संगणकांवर तो नीट चालवत बसण्याची जबाबदारी मला घ्यायची नव्हती. वायएड मात्र जिवाला चटका लावून गेलं. त्याची आपोआप मांडणी इतकी सफाईदार की तेच घ्यावं असं वाटलं. पण ते फुकट आहे, मुक्त नाही. स्रोत बंद आहे. हे दोन शब्द लोक सर्रास एकाच अर्थानं वापरतात आणि मग पाच वर्षांनी आमच्यासारखे फायली हातात घेऊन बसतात.

लिब्रेऑफिस ड्रॉ ही अनेकांच्या संगणकावर आधीपासून असलेली आणि कुणी न उघडलेली वस्तू. तिच्यातल्या जोडरेघा चांगल्या आहेत. प्रत्येक आकाराला चार बाजूंना चिकटबिंदू आपसूक मिळतात, हवे तर स्वतःचे घालता येतात, आणि आकार हलवला की रेघ नवी वाट शोधते. देवनागरी मजकूर, जोडाक्षरं, शब्दांचं तुटणं, सगळं ठीक. ज्यांच्या आकृत्या शेवटी त्याच संचातल्या दस्तऐवजात जाणार आहेत त्यांनी पुढे शोधूच नये. माझ्या 19 चौकटींच्या परीक्षेत तिला गुण गेले ते वेगावर. प्रत्येक चौकट काढून, मग साधन बदलून, मग रेघ ओढावी लागत होती.

ड्रॉ.आयओची संगणकावर बसणारी, इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती या कामात सरस ठरली. चौकटीच्या कडेवर बाण उमटतो, तो दाबला की पुढची चौकट रेघेसकट तयार. रेघ बांधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. आकाराच्या एका ठरलेल्या बिंदूला बांधली तर ती तिथेच राहते. सबंध आकाराला बांधली तर चौकट जिकडे जाईल तसं रेघेचं टोक कडेवरून घसरत सोयीच्या बाजूला येतं. दुसरी तऱ्हा ध्यानात आल्यावर अर्धी कटकट संपली. घुसवलेली पायरी, काढलेली पायरी, लांब नाव, सगळं मिळून चार मिनिटं. (एक गोष्ट सांगून ठेवते: त्याचा स्रोत उघडा ठेवलेला असला तरी बाहेरच्यांनी लिहिलेली भर ते घेत नाहीत. "मुक्त" या शब्दात तुम्हाला सामुदायिक विकास अपेक्षित असेल, तर परवाना आणि ही अट आधी वाचा.)

नऊ आकृत्या ज्या कुणी काढल्याच नाहीत

उरल्या त्यातल्या नऊ आकृत्या वेगळ्याच जातीच्या होत्या. कोणता भाग कोणत्या भागाला संकेत पाठवतो याची जाळी. दर आवृत्तीला या जाळीत पाच-सात नाती बदलतात. ही हातानं काढणं म्हणजे कोळ्याचं जाळं सोडवून पुन्हा विणणं.

इथे ग्राफव्हिझ कामी आलं. एटी अँड टीच्या संशोधन विभागात जन्मलेलं हे साधन काढायला काही देतच नाही. आपण नाती लिहायची, चित्र ते मांडतं. आत "पंप -> दाबमापक;" अशी ओळ लिहिली की दोन लंबगोल आणि एक बाण तयार. नावं देवनागरीत, अवतरणचिन्हांशिवायही चालतात, फक्त नावात मोकळी जागा नको. डॉट ही त्याची मुख्य मांडणी चार टप्प्यांत चालते: आधी प्रत्येक घटकाची पायरी ठरवायची, मग एका पायरीवरच्या घटकांचा क्रम असा लावायचा की रेघा कमीत कमी एकमेकींना छेदतील, मग नेमक्या जागा, आणि शेवटी वळणदार रेघा. हे डोक्यात ठेवलं की त्याच्याशी भांडण कमी होतं. दोन भाग एकाच ओळीत हवेत तर त्यांची पायरी एक असल्याचं सांगायचं. डावीकडून उजवीकडे मांडणी हवी तर एका शब्दात दिशा बदलायची. "हा चौकोन जरा डावीकडे" असं मात्र सांगू नये. तो ऐकत नाही, आणि ऐकवायला गेलं तर आपण पुन्हा हातानं काढायला लागलेलो असतो.

त्याचा तोटाही याच रचनेतून येतो. एक नवं नातं घातलं आणि क्रम बदलला की सबंध चित्र उलटंपालटं होऊ शकतं. मागच्या आवृत्तीत दाबमापक उजव्या कोपऱ्यात होता, आता मधोमध. जाळी आठवून काम करणाऱ्या माणसाला हा मोठा त्रास आहे. परीक्षकांनी दोनदा विचारलं की पंपाची जोडणी बदलली का. बदलली नव्हती, फक्त जागा बदलली होती. शेवटी चार मुख्य भागांची ओळ पक्की बांधून टाकली आणि बाकीचे मोकळे सोडले.

दुसरी अडचण टंकाची, म्हणजे फॉन्टची. ग्राफव्हिझ चौकटीची रुंदी त्या संगणकावर असलेल्या टंकाप्रमाणे मोजतो आणि एसव्हीजीत टंकाचं फक्त नाव लिहितो. माझ्याकडे नोटो सान्स देवनागरी होता, चित्रं तयार करणाऱ्या दुसऱ्या संगणकावर नव्हता. तिथे अक्षरं भलत्याच टंकात मोजली गेली आणि माझ्याकडे उघडल्यावर "तापमान नियंत्रक" चौकटीच्या दोन्ही कडांतून बाहेर डोकावत होता. दोन्हीकडे तोच टंक बसवला आणि प्रश्न मिटला. टंकावर भरवसाच नसेल तर कैरो ही चित्र रेखाटणारी लायब्ररी वापरून एसव्हीजी काढता येतं. तेव्हा अक्षरांचे आकारच फाइलमध्ये जातात, पण मग त्यातला मजकूर मजकूर उरत नाही, शोधून सापडत नाही.

मर्मेडही पाहिलं. मजकुरातून प्रवाह आकृती काढायला छान, संकेतस्थळावरच्या दस्तऐवजांसाठी तर फारच सोयीचं. छापील पानासाठी त्यात मनाजोगी मांडणी मिळेना, म्हणून सोडलं.

एसव्हीजी म्हणजे सगळ्यांचं एकच घर नव्हे

आता माझ्याकडे तीन सॉफ्टवेअर झाली होती आणि मनाची समजूत अशी की सगळी एसव्हीजी देतात, तेव्हा एकमेकांत बिनघोर फिरवता येतील. ड्रॉ.आयओतली प्रवाह आकृती एसव्हीजी करून इंकस्केपमध्ये उघडली. चौकटी जागेवर, बाण जागेवर, आणि मजकूर गायब. खाली एक बारीक ओळ: "टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी – कॅनॉट डिस्प्ले". ब्राउझरमध्ये मात्र तीच फाइल ठणठणीत.

कारण असं. एसव्हीजी 1.1 मध्ये मजकूर आपोआप पुढच्या ओळीत मोडण्याची सोयच नाही. म्हणून ड्रॉ.आयओ चौकटीतला मजकूर एचटीएमएलच्या (वेबपानांच्या भाषेच्या) तुकड्यात ठेवून तो तुकडा एसव्हीजीत बसवतो. ब्राउझरला एचटीएमएल येतं, इंकस्केपला येत नाही. उपाय चौकटीच्या मजकुराच्या खिडकीतच आहे: शब्द मोडणं आणि स्वरूपित मजकूर या दोन्ही खुणा काढायच्या आणि ओळी स्वतः मोडायच्या. 34 आकृत्यांत हे केलं. आधी कळलं असतं तर पहिल्याच चौकटीत करून तिच्याच नकला काढल्या असत्या.

नेमकी याच्या उलट गंमत इंकस्केपच्या जुन्या फायलींत आहे. चौकोन ओढून त्यात वाहता मजकूर भरला, तर जुन्या आवृत्त्या तो एसव्हीजी 1.2 च्या मसुद्यातल्या पद्धतीनं लिहीत. तो मसुदा पुढे मानक झालाच नाही. ब्राउझरनी ती पद्धत घेतली नाही, आणि वाचकाला मजकुराच्या जागी काळा ठोकळा दिसतो. अशा मजकुराचं साध्या मजकुरात रूपांतर केलं की ठोकळा जातो. एकाच मानकाच्या दोन फायली, दोघींनाही ओळ मोडता येत नाही, आणि दोघींनी आपापली चोरवाट काढलेली.

म्हणून नियम केला: ज्यानं काढलं त्याचीच मूळ फाइल खरी. एसव्हीजी आणि पीडीएफ ही त्यातून काढलेली प्रत. तिच्यात हात घालायचा नाही.

सहा मिलीमीटर

61 पैकी एक आकृती सुदैवानं आधीपासून एसव्हीजीत होती. पेटी भिंतीवर बसवताना भोकं कुठे पाडायची याचा मूळ मापाचा साचा. कुणीतरी फार वर्षांपूर्वी इंकस्केपमध्ये काढलेला. सगळ्यात सोपी म्हणून ती शेवटी ठेवली होती. उघडताना एक खिडकी आली. ही फाइल जुन्या आवृत्तीतली आहे, ती पडद्यासाठी आहे की छपाईसाठी, असं काहीसं विचारत होती. मी न वाचताच वरचा पर्याय दाबला. पडद्यावर सगळं जसंच्या तसं दिसलं. पीडीएफ काढली, नमुना छापून चाचणीला पाठवला.

संध्याकाळी फिटरचा फोन आला. "मॅडम, कागद बरोबर आहे का? चारी भोकं आत येताहेत. शंभराला सहा मिलीमीटर कमी पडतंय."

सहा मिलीमीटर म्हटल्यावर मी गणित केलं. जानेवारी 2017 मध्ये आलेल्या 0.92 आवृत्तीआधी इंकस्केप एका इंचात 90 पिक्सेल धरत असे. ब्राउझरांच्या जगात इंचाला 96 पिक्सेल ठरलेले आहेत, म्हणून 0.92 पासून तेही 96 धरू लागलं. जुन्या फाइलमध्ये मापं पिक्सेलमध्ये असतील आणि ती तशीच ठेवली, तर आकृती 96 भागांतले 90 भागच भरते. 100 मिलीमीटरची रेघ छापताना 93.75 ची होते. ती खिडकी नेमकं हेच विचारत होती. फाइल पुन्हा उघडली, छपाईचा पर्याय निवडला, रेघ मोजली: 100.

याच काळात आणखी एक ठेच लागली, लहानशी. पीडीएफ आपोआप काढणारी जुनी आज्ञावली चालेना. 1.0 मध्ये इंकस्केपच्या आज्ञारेषेवरचे पर्याय बदलले; पीडीएफसाठी वेगळा पर्याय होता, त्याऐवजी फाइलचं नाव आणि प्रकार देण्याची एकच रीत आली. एक ओळ बदलली, काम सुरू झालं. मुखपृष्ठाचं चित्र तेवढं स्क्रायबस या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमधून गेलं, कारण छापखान्याला सीएमवायके (छपाईच्या शाईचे) रंग हवे होते आणि इंकस्केपचं सगळं चित्त आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत आहे.

सध्याची मांडणी अशी आहे. 34 ड्रॉ.आयओत, 9 ग्राफव्हिझमध्ये, 18 इंकस्केपमध्ये. तिन्हींच्या मूळ फायली मजकुराच्या असल्यामुळे गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवल्या आहेत. ग्राफव्हिझच्या फायलींत काय बदललं ते एका नजरेत कळतं, ड्रॉ.आयओत खटपटीनं कळतं, इंकस्केपमध्ये कळलं तरी समजत नाही. ड्रॉ.आयओची फाइल दाबून (कॉम्प्रेस करून) न ठेवता साठवायची, एवढी एक खूण आठवणीनं तपासावी लागते.

आणि साच्याच्या पानावर, चार भोकांच्या खाली, एक आडवी रेघ वाढवली आहे. शेजारी लिहिलंय: "ही रेघ पट्टीनं मोजा. बरोबर 100 मिलीमीटर भरली नाही तर भोकं पाडू नका."